आडबाजूच्या सरकारी जागांसाठी एसटीपी: टेंडरमध्ये मशीन मागायचं की चालवून मागायचं?

धागाकर्ता:
चौकी, रिसर्च स्टेशन, जंगलातलं रेस्टहाऊस, असल्या जागांसाठी सांडपाण्याचा प्लांट (एसटीपी) घ्यायचा म्हटलं की एमबीआर (जिवाणूंची टाकी आणि पाणी गाळणारी मेंब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा) लिहून मोकळे होतात, आणि कमी बोली ज्याची त्याला ऑर्डर. मी कमिशनिंगची, म्हणजे नवा प्लांट चालू करून देण्याची कामं करतो. एका ठिकाणी वर्षाने परत गेलो तर अलार्मच्या बझरवर चिकटपट्टी, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) बंद, टाकीतला गाळ काळा पडलेला, आणि लॉगबुकात रोज डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २, सगळं एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. जिथे ऑपरेटर टिकत नाही तिथे सेप्टिक टँक आणि पुढे रीड बेड (खडीत लावलेले बोरू, त्यातून पाणी गाळलं जातं), उताराने पाणी जातं, विषय संपला.

प्रतिसाद १:
संपला कसा? आडव्या प्रवाहाच्या रीड बेडला माणशी ३ ते ५ चौरस मीटर धरतात, ५० माणसांना दीडशे-अडीचशे झाले, कातळावर कुठून काढणार? शिवाय खडी चोंदली की उपसायची कोणी? जिथे प्यायचं पाणीच टँकरने येतं तिथे मेंब्रेनमधून निघालेलं पाणी फ्लशला परत फिरतं हे काय कमी आहे का.

धागाकर्ता:
फिरतं, मेंब्रेन धुतली तर. त्यासाठी लागणारे हायपो (क्लोरीनचं द्रावण) आणि सायट्रिक ॲसिडचे कॅन त्या घाटात कोण चढवणार?

प्रतिसाद २:
तुम्ही दोघं मशीनवर भांडताय, घोळ आकड्यात आहे. डिझाइन होतं मंजूर पदांवर. कागदावर ६०, हजर १५, मग सुट्टी संपली की एकदम ६०. आधी जिवाणू उपाशी, मग अजीर्ण, कुठलाही प्लांट झोपणारच. अंटार्क्टिकाबद्दलच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलमध्येसुद्धा सांडपाण्याचा नियम प्रत्यक्ष वस्तीला बांधलाय, उन्हाळ्यात तळावरच्या माणसांची आठवड्याची सरासरी ३० च्या आसपास किंवा वर गेली तर समुद्रात सोडण्याआधी निदान दळून तरी सोडा म्हणून. आपल्या टेंडरात किमान लोडचा रकानाच नसतो! मोठी इक्वलायझेशन टाकी (कमीजास्त येणारं पाणी साठवून सारखं पुढे सोडणारी) आणि एका मोठ्याऐवजी दोन छोट्या लाइन मागा, एक बंद ठेवता येते.

प्रतिसाद ३:
मी तर म्हणतो मशीनचं नावच लिहू नका. आउटलेटचं पाणी कसं हवं ते लिहा, बांधणाऱ्यानेच ५ वर्षं चालवायचं, सॅम्पल पास तर बिल.

प्रतिसाद १:
ऐकायला छान. बीओडीचं (पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्या टेस्टचं) सॅम्पल थंड ठेवून एक-दोन दिवसांत लॅबला लागतं, टेस्टलाच ३ ते ५ दिवस. रस्ता आठवडाभर बंद असेल तर बिल कशावर काढणार? आणि सॅम्पल भरणारा ठेकेदाराचाच माणूस, तो बाटलीत काय भरेल ते सांगायला नको.

प्रतिसाद ३:
मग बीओडी अधूनमधून, तिसऱ्या माणसाने घेतलेलं. रोजचं पेमेंट ब्लोअरचे तास, फ्लो आणि टर्बिडिटीवर (पाण्याचा गढूळपणा), आपोआप नोंद होणारं. खोटं तिथेही होईल, पण एका पेनाने नाही होणार. स्पेअर ब्लोअर जागेवर ठेवायचा हे मात्र वेगळं कलम करा, नाहीतर बोली कमी करायला पहिला तोच उडतो.

धागाकर्ता:
हे पटलं, रीड बेडचा हट्ट जागा बघून सोडतो. पण गाळाचं कोणीच बोललं नाही. सेप्टिक असो की एमबीआर, गाळ होतोच, आणि सक्शन टँकर तिथवर पोचत नसेल तर वाळवण बेड पहिल्या टेंडरातच हवेत. मागाहून मागितले की दुसरी फाईल, दुसरे साहेब, आणि तोवर टाकी तुडुंब.