पिल्लं वाचवताय की आईला मारताय? (ब्रीडिंग बॉक्सवाल्या पोस्टला उत्तर)

खडूस_सुदामानगर:
परवा इथे एकाने ठोकून दिलं: "टँकमधली गप्पी मासोळी प्रेग्नंट दिसली की दीडशेचा ब्रीडिंग बॉक्स (टँकमध्येच लटकवायची प्लास्टिकची डबी) आणा, तिला आत टाका, पिल्लं होईपर्यंत ठेवा, पिल्लं खाणारा एंजल मासा काही करू शकत नाही." खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे लिहावं लागतंय.

अहो, गप्पी साधारण महिनाभर पोटुशी असते. पोट फुगलं म्हणून आज आत टाकली तर साबणाच्या डबीएवढ्या जागेत तिने दोन-तीन आठवडे काढायचे? पाणी फिरत नाही, उरलेलं खाणं तळाशी कुजतं आणि पलीकडून एंजल तोंड लावून बघतोय. घाबरलेली मादी पिल्लं अडवून धरते, नाहीतर पोटाला बलक लटकलेली कच्ची पिल्लं टाकते. कधी स्वतःच जाते.

मादीला हलवूच नका. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचा जाड गठ्ठा पाण्यावर तरंगू द्या, पिल्लं जन्मली की तिथेच लपतात. मग त्यांना कपाने उचला, जाळीने नाही, आणि वेगळ्या टबात ठेवा. टबात स्पंज फिल्टर हवा, पण कोरा नको, आधी महिनाभर मोठ्या टँकमध्ये चाललेला. कोऱ्या स्पंजमध्ये घाण पचवणारे बॅक्टेरिया नसतात, पाण्यात विषारी अमोनिया चढतो, मग एंजलला दोष देण्याचीही सोय राहत नाही. आणि मोठ्या टँकच्या फिल्टरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा लावा. कित्येक पिल्लं तिथेच ओढली जातात आणि नाव एंजलचं होतं.

विजयनगरचा_शेर:
काका, एवढा निबंध कशाला? एंजलने खाल्ली तर खाल्ली. गप्पी दर महिन्याला व्यायते, आणि एकदा नर भेटला की पुढे कित्येक महिने नराशिवायही. सगळी वाचवून ठेवणार कुठे, राजवाड्यात? रेझनिक आणि एंडलर या शास्त्रज्ञांचं त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांतल्या गप्पींवरचं काम वाचा. जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथल्या गप्पी लवकर वयात येतात, आकाराने लहान पण जास्त पिल्लं घालतात. निसर्गाने हिशेब आधीच केलाय.

खडूस_सुदामानगर:
त्या ओढ्यात पळायला ओढा असतो, भिया. तुमच्या दोन फुटी टँकमध्ये एक प्लास्टिकचा किल्ला आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. एंजल आणि गप्पी एकत्र कोंडायचं निसर्गाने नाही, तुम्ही ठरवलंत.

लोकमान्यनगरची_ताई:
ते सगळं ठीक, पण पिल्लांना खायला काय द्यायचं ते बोला ना. दुकानदार म्हणतो उकडलेल्या अंड्यातलं पिवळं. आमच्याकडे अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई आधीच म्हणतात, "आज पाळताय, उद्या तळाल."

खडूस_सुदामानगर:
अंडं नकोच ताई, सोवळ्यासाठी नाही, पाण्यासाठी. चिमूट जास्त पडली की पाणी दुधाळ. माशांच्या खाण्याचे फ्लेक बोटांनी चुरडून पीठ करा, जोडीला स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. जमलं तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले इवलेसे जीव, त्यांची अंडी डबीत मिळतात. खडेमिठाचं पाणी, खालून हवा, 26-28 अंश, की दीड दिवसात फुटतात. पिल्लं त्याच्यावर सगळ्यात झपाट्याने वाढतात.

लोकमान्यनगरची_ताई:
आर्टेमिया म्हणजे झिंग्याचीच जात ना? मग अंड्याने काय पाप केलं होतं!

नळाची_वाट:
टबातलं पाणी रोज थोडं बदला म्हणणाऱ्यांकडे बोअर असणार. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड. 1978 मध्ये ती इंदूरला आली तेव्हा आजोबांनी पेढे वाटले म्हणे. आता क्लोरीन उडावं म्हणून मी पिल्लांचा ड्रम दिवसभर उघडा ठेवतो आणि बायको त्यातूनच कूलर भरते. यावर कुणी उपाय सांगा, त्रिनिदाद नंतर.

पुण्यवान_भिया:
एवढी कटकट कशाला? मी जास्तीची पिल्लं सिरपूर तलावात सोडतो. जीव वाचतो, डास कमी होतात, पुण्य मिळतं ते वेगळं.

दुर्बीणवाला:
काय?? 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलेला तलाव आहे तो, तुमच्या घरचा हौद नाही! गप्पी दक्षिण अमेरिकेकडची, तिचं तिथे काय काम?

पुण्यवान_भिया:
मलेरियावालेच गप्पी सोडत आलेत. 1908 पासून आहे ती आपल्या देशात. तेव्हा कुठे होती तुमची दुर्बीण?

दुर्बीणवाला:
हौदात, कारंज्यात, पडक्या टाकीत सोडणं वेगळं, आणि त्यावरही वाद आहेतच. अळ्या खायला आपला झेब्रा डॅनिओ आहे, पंचॅक्स आहे. गप्पी अळ्यांबरोबर देशी माशांची अंडी आणि पिल्लंही खाते. म्हणजे एंजलपासून वाचवायची आणि तलावात नेऊन तिलाच एंजल करायचं. व्वा रे पुण्य!

पुण्यवान_भिया:
आमच्या शेजाऱ्याने टँकची काच चाटणारा सकर मासा हातभर वाढल्यावर तलावात सोडला, त्याला कुणी बोललं नाही. मी बोटभर मासा सोडला की लगेच पर्यावरण. तुम्ही रविवारी बगळ्यांचे फोटो काढा, आम्ही काहीतरी करतो तरी.

दुर्बीणवाला:
सकर सोडणं तर त्याहून वाईट. काठ पोखरतो, शेवाळावर जगणाऱ्या देशी माशांचं खाणं पळवतो आणि हाडांच्या चिलखतामुळे त्याला सहसा कुणी खात नाही. शेजाऱ्यालाही आणा इथे, दोघांना एकदमच सांगतो. आणि "काहीतरी करतो" हेच तर थांबवा.

विजयनगरचा_शेर:
म्हणूनच म्हणत होतो, एंजलला खाऊ द्या. तलावही वाचतो आणि पुण्याची भानगडही नाही.

दुर्बीणवाला:
शेरशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. झालो. आनंदाने नाही.

खडूस_सुदामानगर:
धागा ब्रीडिंग बॉक्सचा होता, आठवण असू द्या. बरं, सगळी वाचवू नका, हे मान्य. टबात मावतील तेवढीच उचला, वाकड्या पाठीची नको, बाकीच्यांचं हॉर्नवर्टमध्ये जे होईल ते. महिना-दीड महिन्यात नराचा खालचा पर काडीसारखा टोकदार दिसायला लागतो, तेव्हाच नर-मादी वेगळे करा. नाहीतर तुमच्या टबातली मुलगीच पुढच्या वेळी आई. आणि उरलेली दुकानदाराला परत द्या, पैसे नाही मिळाले तरी.

पुण्यवान_भिया:
दुकानदार फुकट घेऊन दहाला विकणार. त्याचं पुण्य चालतं वाटतं.

लोकमान्यनगरची_ताई:
आर्टेमियाची डबी आणली. घरात "समुद्री पावडर" सांगितलंय. कुणी भेटायला आलात तर तोंड सांभाळा.

नळाची_वाट:
नळ आलाय, ड्रम भरायला चाललो. ज्यांना भांडायचंय त्यांनी परवा बोला.