पोरं फोटोपुरती येतात, मग गायब. काय करावं?

सुदामानगरची काकू:
नमस्कार मंडळी, आमचं इंदूरचं छोटंसं गणेश मंडळ आहे. मागच्या जुलैत कॉलनीच्या मागच्या मैदानात ४० रोपं लावली, कॉलेजची पोरं एवढी आली की खड्डे कमी पडले. सेल्फी झाले, पोहे-जलेबी झाली, आणि दिवाळीनंतर पाणी घालायला मी आणि आमचे हे दोघंच. ९ जगलीत. यंदा निर्माल्याचं काहीतरी करायचंय पण पोरांना टिकवायचं कसं?

बीएस्सीवाला:
काकू राग मानू नका, मी त्याच वयाचा आहे म्हणून सांगतो. आम्हाला बोलावतात तेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं, आम्ही फक्त फावडं धरायचं आणि मग अर्धा तास भाषण ऐकायचं 😅 रोप कुठलं, कुठे लावायचं, मे महिन्यात टँकर कोण आणणार, हे कधी विचारलंत का? विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं की त्या मैदानात क्रिकेट चालतं.

जुना इंदूरकर:
याचं बरोबर आहे. १४ जुलै २०२४ ला आपल्या शहरात एका दिवसात १२ लाखांवर रोपं लावून गिनीज रेकॉर्ड केला ना, पण लावणं एका दिवसाचं आणि जगवणं तीन वर्षांचं, त्या तीन वर्षांचा फोटो कोणी काढत नाही.

सिरपूरचा बगळा:
आमच्या ग्रुपचा अनुभव सांगतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात तेव्हा आम्ही पोरांना सिरपूर तलावावर नेतो (२०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते, यशवंत सागर तलावपण). पहिल्या वर्षी सगळं आम्हीच सांगत बसलो, पोरं मोबाइलमध्ये. दुसऱ्या वर्षी दुर्बीण आणि वही एका अकरावीतल्या मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं आज तू लीडर, आम्ही फक्त गाडी चालवणार. तिने पाणकावळ्यांवरून माझ्याशी भांडण केलं, वही उघडून दाखवलं की मी एकच थवा दोनदा मोजलाय! आता ती तिच्या मैत्रिणींना घेऊन येते, आम्हाला विचारतपण नाही.

काकू, निर्माल्याचा हिशोब, पैसे सगळं त्यांच्याकडे द्या. फक्त एक बघा, हारांतला दोरा, जरतार आणि प्लास्टिक वेगळं काढल्याशिवाय ओल्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या बायो-सीएनजी प्लांटला (ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवतात तो) रोज शेकडो टन ओला कचरा लागतो पण तो निवडलेला लागतो. हे काम बसून गप्पा मारत होतं, पोरं कंटाळत नाहीत.

सुदामानगरची काकू:
काल मीटिंग घेतली. तीन हजार रुपये आणि वही पोरांच्या ताब्यात दिली, आमचे हे जरा कुरकुरले. पाच मिनिटांत एकाने विचारलं, काकू निर्माल्य वेगळं करायचं ते ठीक, पण आपल्या मखराला थर्माकोल कशाला? आता मखरवाल्याला दिलेला ॲडव्हान्स परत कसा मागू ते सांगा 🙈