मदत हवी आहे: १९७० शेव्हेल एसएस ४५४ एलएस६, लिलावात बोली कुठवर न्यावी?

डेट्रॉइटकर:
नमस्कार मंडळी. इंडियानातल्या एका लिलावात १९७० ची शेव्हेल (शेव्हरलेची मसल कार, म्हणजे मध्यम आकाराची पण दांडग्या इंजिनाची गाडी) येते आहे. लाल रंग, काळे पट्टे, चार गिअरची मॅन्युअल. कॅटलॉगात ‘एलएस६, नंबर्स मॅचिंग’ असं लिहिलंय, म्हणजे ४५४ चं सगळ्यात ताकदवान इंजिन, तेही याच गाडीचं मूळचं. अंदाज १ लाख १० ते १ लाख ३० हजार डॉलर, रिझर्व्ह (ज्याखाली विक्रेता गाडी देणार नाही ती किंमत) आहे, बिल्डशीट (कारखान्यात गाडीला काय काय घातलं त्याचा कागद) नाही. गाडी मिशिगनला आणायची आहे आणि सगळं धरून बजेट १ लाख १० हजार.
हॅमर (शेवटची बोली) कितीवर थांबवावा? एलएस६ खरी आहे हे कसं ओळखायचं? भाव उतरताहेत म्हणतात, मग थांबावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिस्टनराव:
आधी हिशेब, कारण लिलावाच्या मांडवात तो सुचत नाही. हॅमर ९२,००० ला पडला, तर १० टक्के बायर्स प्रीमियम (लिलाववाल्यांचं कमिशन) ९,२००, झाले १,०१,२००. त्यावर मिशिगनचा ६ टक्के कर ६,०७२. एकूण १,०७,२७२. उरलेल्या २,७२८ मध्ये ट्रेलरचं भाडं, नवी बॅटरी आणि टायर. म्हणजे ९२ हीच तुमची हद्द. आणि रिझर्व्ह गाठेपर्यंत विक्रेत्याच्या वतीनंही बोली पुकारली जाऊ शकते. तेव्हा ‘समोरचा एवढे देतोय म्हणजे गाडी तेवढ्याची असणार’ हे मनातून काढा.

जुनाट:
भाव ‘उतरताहेत’ हे फार ढोबळ झालं. मसल कारचा बाजार २००६-०७ ला चढला, २००८ च्या मंदीत आपटला, पुन्हा वर आला, २०२१-२२ ला उकळला आणि मग निवला. पण सगळ्या गाड्या सारख्या निवत नाहीत. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिअॅटलला ३५ लाख डॉलरला गेली. २०२१ मध्ये तशाच एका गाडीवर ४८ लाखांची बोली आली तरी मालकानं दिली नाही! वरचा थर असा अडून बसतो. खरा मार बसतो मधल्या थराला, म्हणजे कागद अर्धवट आणि रंग झकास असलेल्या गाड्यांना. ज्यांनी तरुणपणी या गाड्या शोरूममध्ये पाहिल्या ते आता सत्तरीपार गेले, गाड्या विकताहेत. नव्या खरेदीदाराला एक तर नव्वदच्या दशकातली जपानी गाडी हवी असते, नाही तर नवं इंजिन, एसी आणि डिस्क ब्रेक घातलेली रेस्टोमॉड. त्यामुळे ‘साधारण खरी’ या वर्गाला गिऱ्हाईक कमी. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

फोर_ऑन_द_फ्लोअर:
ओळखायला शेव्हेल सगळ्यात चकवा देणारी. पाँटिअॅकचे कारखान्यातले कागद पीएचएसकडून (पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मिळतात, फोर्डचा कारखान्याच्या नोंदींवरून मार्टी रिपोर्ट निघतो, क्रायस्लरच्या व्हिनमधला (गाडीच्या ओळख क्रमांकातला) पाचवा वर्णच इंजिन सांगतो (१९७० ला आर म्हणजे ४२६ हेमी). अशा १९७० च्या शेव्हेलचा व्हिन १३६३७ ने सुरू होतो, म्हणजे व्ही८ मालिबू, दोन दारी हार्डटॉप. एसएस हे ऑप्शन पॅकेज, व्हिनमध्ये त्याचा मागमूस नाही. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलचं एकेका गाडीचं रेकॉर्ड जीएमकडे मिळत नाही, कॅनडात विकलेली असेल तरच मिळतं. एलएस६ बनल्या ४,४७५, त्यात एल कॅमिनो पिकअपही आल्या. म्हणून बिल्डशीट (पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडते) किंवा प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीची धातूची पट्टी) नसेल तर सगळा भार इंजिनवर.
इंजिन ब्लॉकचा कास्टिंग नंबर (ओतताना उमटलेला) ३९६३५१२ दाखवून कोणी खूश करत असेल तर हसून सोडून द्या. तोच ब्लॉक ३६० हॉर्सपॉवरच्या एलएस५ लाही होता. सिलिंडर हेड ३९६४२९१ हवीत, पण हेड बदलता येतात. खरं वाचायचं ते पॅडवर. उजव्या हेडच्या पुढच्या टोकाशी ब्लॉकवर सपाट जागा असते, तिच्यावर कोड आणि व्हिनचा तुकडा ठोकलेला असतो. त्याचा, ब्लॉकवरच्या कास्टिंग तारखेचा आणि फायरवॉलवरच्या (इंजिनमागच्या पत्र्यावरच्या) ट्रिम टॅगचा, म्हणजे बॉडी केव्हा-कुठे बनली ते सांगणाऱ्या पट्टीचा, फोटो मागवा.

डेट्रॉइटकर:
आले फोटो. पॅड: टी०३०५सीआरव्ही, शेजारी १०बी आणि पुढे सहा आकडे, ते व्हिनशी जुळतात. कास्टिंग: सी २ ०. ट्रिम टॅग: ०१सी, बाल्टिमोर. जुळतंय ना सगळं?

फोर_ऑन_द_फ्लोअर:
आकडे जुळतात, तारखा नाही. टी म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०३०५ म्हणजे ५ मार्च, सीआरव्ही हा एलएस६ चा मॅन्युअल गिअरचा कोड. कास्टिंग सी २ ०, म्हणजे २ मार्च १९७०. आणि टॅग म्हणतो, बॉडी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. गाडी जानेवारीत उभी राहिली आणि तिचं इंजिन मार्चमध्ये ओतलं?
म्हणजे ब्लॉक दुसऱ्या गाडीचा आणि व्हिनचे आकडे नंतर ठोकलेले. पॅडचा जवळून फोटो पाहा: कारखान्याच्या ब्रोचिंगच्या (पृष्ठभाग कापून सपाट करण्याच्या) बारीक समांतर रेघा पुढून मागे जाताना दिसायला हव्यात. आकड्यांखाली पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर घासून पुन्हा ठोकलंय. (रीबिल्डमध्ये डेक (ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) घासलं तरी रेघा जातात, म्हणून नुसत्या रेघांवर कोणाला चोर ठरवू नका. इथे तारखाच पुरेशा आहेत.)

पिस्टनराव:
मग ९२ चा माझा हिशेब रद्द. बिल्डशीट नाही, म्हणजे ती मुळात एसएस होती हेही सिद्ध होत नाही. छान बांधलेला क्लोन (साध्या गाडीची केलेली नक्कल) म्हणून पाहा, मी तरी ५५ हजारांच्या वर हात वर करणार नाही. त्याआधी डिकीचा तळ, मागच्या चाकांमागची चॅसी आणि मागच्या काचेखालची खाच बघा, गंज तिथून सुरू होतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा. कुठे ५०० मायक्रॉनच्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे.

डेट्रॉइटकर:
धन्यवाद मंडळी. लिलाववाल्यांना तारखांबद्दल मेल टाकला आहे. ‘नंबर्स मॅचिंग’ शब्द कॅटलॉगातून काढतात का ते कळवतो.