जुना पिकअप घरच्या घरी उभा करताना : अनुभव धागा

बंद पडलेला जुना पिकअप घरीच, बेताच्या खर्चात पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांसाठी हा धागा. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, किती माल लागतो, कुठे बिघडतं आणि का, हे नेमकं लिहा. पैसा कुठे वाचवू नये हेही आवर्जून लिहा.

सुरुवात चासीपासून करते. छोट्या हातोडीने चासी पूर्ण लांबीभर ठोकत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. तो आत गेला, तर तिथे वेल्डिंग धरायलाही लोखंड उरलेलं नाही. केबिन आणि हौदा टेकतात त्या बैठका आणि मागच्या कमानपाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, म्हणजे ते चासीला धरणारे कंस, इथे चिखल साचून राहतो, म्हणून गंजाची सुरुवात तिथूनच होते. हँगरजवळची चासी गेली असेल, तर ती गाडी सुट्या भागांपुरतीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

* * *

इंजिनाबद्दल. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आत पाणी साचलं असेल तर आणखी वाईट, कारण पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळे स्पार्क प्लग काढा. डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 10-15 मिली ओता आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मिश्रण झटकन पेटतं, जवळ आग नको. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन नेहमीच्याच दिशेने हाताने फिरवा. उलट फिरवलं तर बोल्टच सैल होतो. अडलं तर जोर न करता पुन्हा मिश्रण घाला आणि थांबा. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले की ऑइल आणि फिल्टर बदला.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने बघा: सगळे प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा थोडा कमी असला तरी चालतं, पण सिलिंडरांमधली तफावत 10-15 टक्क्यांच्या आत हवी. कमी पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

* * *

टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट होतं आणि कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं) बंद करतं. टाकी उतरवून धुवा. आत गंज असेल तर व्हिनेगर एक दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुऊन लगेच वाळवा, नाहीतर पुन्हा गंज धरतो. रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. पहिल्या काही दिवसांत इंधन फिल्टर पुन्हा बदलावा लागतो, तेव्हा एक जास्तीचा जवळ ठेवा.

* * *

ब्रेकमध्ये काटकसर नको. रबरी होज बाहेरून चांगले दिसतात, पण आतून फुगून बंद होतात. पेडल सोडल्यावरही एखादं चाक जाम राहतं, ते बहुतेक यामुळेच. सगळे होज आणि व्हील सिलिंडरची रबरं नवीनच घाला. रबराला साधं तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, ते फुगतं. जोडताना ब्रेक फ्लुइडच लावा. पाइपसाठी स्टील किंवा तांबे-निकेलची नळी वापरा, साधं तांबं नको.

ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचं (पेडलने फ्लुइड ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचं) पेडल तळापर्यंत दाबू नका. सिलिंडरच्या न वापरलेल्या भागावर गंजाचे कण असतात आणि सील त्यावरून जाताना कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम होतं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. चाकं लोंबकळत असतील तर तो मागचा दाब कमी ठेवतो आणि हवा नीट निघत नाही. म्हणून स्टँड चासीखाली न लावता ॲक्सलखाली लावा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

* * *

पत्र्याचं काम: केबिनच्या बुडाला 1 ते 1.2 मिमी पत्रा पुरतो. मिग वेल्डिंग मशीनला 0.6 मिमी तार लावा. सलग वेल्ड ओढलात तर पत्रा तापून लाटा उठतात. इथे एक टॅक (छोटा ठिपक्याएवढा वेल्ड), मग दूरच्या टोकाला दुसरा, असं फिरत राहा. आधी बॅटरी काढा. पुट्टी 3 मिमीपेक्षा जाड नको, आणि गंजावर तर मुळीच नको. आतला गंज चालूच राहतो आणि पुट्टी खपलीसारखी सुटते.

* * *

वरच्याला जोड: पुट्टी उघड्या पत्र्यावर की एपॉक्सी प्रायमरवर, यावर मतं वेगळी आहेत. मी एपॉक्सीवरच भरतो, कारण काम आठवडाभर रेंगाळलं तरी पत्रा झाकलेला राहतो. घासायला 80 नंबरचा सँडपेपर, मग 180, शेवटी 320. हार्डनरवाल्या रंगात आयसोसायनेट असतं आणि कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी साधा एनॅमल रोलरने लावा. चकाकी कमी येईल, फुप्फुसं वाचतील.

* * *

लहान गंजके भाग विजेने साफ होतात. 4 लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू भागाला, धन बाजू साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर करा. स्प्रिंगा आणि उच्च ताणाचे बोल्ट यात टाकू नका, ते ठिसूळ होतात.

* * *

दिवे मंद, स्टार्टर सुस्त, गेजचे काटे नाचतात? नवे भाग आणण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाचा बॉडीशी असलेला जोड, बघा. दिवे चालू ठेवून बॅटरीचं ऋण टोक आणि बॉडी यांच्यामधला व्होल्टेज मोजा, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आला तर जोड घासून चकचकीत करा. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालू नका, मग वायर जळते.

* * *

कमानपाटे उतरवले असतील तर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाकं हवेत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा, पाटे दबून बसले की ते सैल पडतात.