मदत हवी आहे: जखमी हरीण मक्यात शिरलंय, मागे जावं की थांबावं?

येवल्याकडे, ममदापूरजवळ आमच्या मळ्यात कुत्र्यांनी काळविटाची मादी धरली होती. कुत्री हाकलली, पण ती लंगडत उभ्या मक्यात शिरली. मागच्या मांडीला चावा आहे. बांधावर रक्ताचे गडद लाल थेंब, फेस नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवलंय, पथक लांबून येतंय.

पोरं म्हणतात माग काढून धरून ठेवू. मी अडवलंय. पाठलागाच्या धसक्यानेच हरणं नंतर दगावतात, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं जनावर, नसती भानगड नको. कुत्री परत येऊ नयेत म्हणून बांधावर दोघं गुपचूप बसवलेत. पाणी आत नेलेलं नाही.

अंधार पडायला थोडाच वेळ उरलाय. तोवर एकट्याने दुरून थेंब बघत ती कुठे बसलीय एवढं हेरून ठेवावं, की पथक येईपर्यंत पिकात पाऊलच टाकू नये?