‘आकार’ की ‘घाट’? आणि प्लॅटिनम ‘विरघळतं’ की ‘झिजतं’?

मी शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकते. प्लॅटिनमच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) मराठीत लेख लिहायला बसले आणि ‘कणाचा आकार बदलला’ या वाक्यावरच अडले. आईने विचारलं, ‘लहान केला का?’ मला म्हणायचं होतं, माप तेच, पण गोलाऐवजी चौकोनी ठोकळा. शेप आणि साइज दोन्हींना आपण ‘आकार’ म्हणतो. काय करावं? दुसरं, हे कण विरघळतात म्हणू की झिजतात?

– आमचं घर कोल्हापूरच्या गुजरीतलं, म्हणजे सराफ बाजारातलं, सोनारकामाचं. तिथे यासाठी शब्द आहे : घाट. ‘वजन तेवढंच, घाट वेगळा’ हे वाक्य रोजचं. साइजला ‘आकारमान’ नको, शाळेच्या पुस्तकात ते घनफळासाठी आहे. ‘माप’ पुरे.

– कोल्हापुरात घाट म्हटलं की पंचगंगा घाट!

– संदर्भाने कळतं. ‘घाटदार तांब्या’ म्हटल्यावर नदीवर कोणी जात नाही. आणि कणाला खरोखर घाट द्यावाच लागतो. १९९६ साली रसायनशास्त्रज्ञ मुस्तफा अल-सय्यद आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमचा क्षार आणि पॉलिअॅक्रिलेट (कणांना चिकटणारं बहुवारिक) यांचं प्रमाण बदलून कधी घन (चौकोनी ठोकळे), कधी चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे कण) मिळवले. स्फटिकाची जी बाजू सावकाश वाढते तीच शेवटी उरते, म्हणून एखाद्या बाजूला चिकटून तिची वाढ रोखणारा रेणू घाट ठरवू शकतो.

– ‘झिजणे’ला माझा विरोध आहे. सहाणेवर चंदन झिजतं, तिथे घासणं असतं. इथे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतो आणि द्रावात जातो. ‘वितळणे’ तर नकोच, त्याला १७६८ अंश सेल्सियस लागतात. ‘विरघळणे’ बरोबर, फक्त साखरेसारखं नाही एवढं लेखात सांगा : साखरेचा रेणू पाण्यातही तोच राहतो. प्लॅटिनम इतकं चिवट, की अम्लराजातही (सोनं विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणातही) सोन्यापेक्षा सावकाश जातं. पण इंधनघटात (हायड्रोजनसारख्या इंधनापासून वीज देणाऱ्या घटात) व्होल्टेज सतत खालीवर झालं की नॅनोकण विरघळतात. आतल्या अणूला १२ शेजारी, घनाच्या टोकदार कोपऱ्यावरच्याला ३च. तो आधी सुटतो. म्हणजे आधी घाट जातो, मग माप. सुटलेलं प्लॅटिनम कधी मोठ्या कणावर जाऊन बसतं. झिजलेलं चंदन पुन्हा खोडावर बसत नाही.

– हे पटलं. वाक्य असं केलं : ‘कोपरे आधी विरघळतात, म्हणून कणाचा घाट मोडतो.’ आईला वाचून दाखवलं, या वेळी तिने काही विचारलं नाही.

– ‘घाट मोडतो’ अगदी बरोबर. दागिन्याचाही मोडतोच.