वाट साफ करताना वनरक्षकांनी थांबवलं, परवानगीचं पत्र असूनही! तातडीने मदत हवी

पदरवाट (सोमवार, रात्री १०:४०)
आमचा डोंबिवलीतला छोटा ट्रेकिंग क्लब आहे. सगळे स्वयंसेवक, कुणी एक रुपया घेत नाही. पावसाळा संपला की आम्ही एका वाटेची डागडुजी करतो. वाटेवर आलेली झुडपं छाटायची, वाहून गेलेले दगड परत बसवायचे, जिथे ढोरवाटा फुटतात तिथे खुणा करायच्या. काल निम्मं काम झालं होतं. वर पोचता पोचता वनरक्षक भेटले. पत्र दाखवलं. ते वाचून म्हणाले, हे इथे चालत नाही, कोयते पिशवीत घाला आणि खाली उतरा. बोलले नीट, पण ऐकायला तयार नव्हते.

येत्या रविवारी याच वाटेने शाळेतल्या मुलांना न्यायचं आहे. उरलेल्या टप्प्यात पुढचा माणूस दिसत नाही इतकं रान माजलंय. पत्र हातात असताना काम थांबवता येतं का? दाद कुणाकडे मागायची? शनिवारी परत जायचा विचार आहे, त्यामुळे लवकर सांगा.

घाटमाथा
कुठली वाट? पत्र कुणाचं, ग्रामपंचायतीचं की वनखात्याचं? वनखात्याचं असेल तर सही वनपालांची, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची की उपवनसंरक्षकांची? मुदत कधीपर्यंत? पत्रात छाटणीचा उल्लेख आहे की नुसता 'स्वच्छता मोहीम' असा? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

सह्यवेडी
खुणा म्हणजे रंगाचे बाण का? तसं असेल तर माझा वनरक्षकांनाच पाठिंबा आहे. प्रत्येक ग्रुप आपापला डबा घेऊन येतो. एकाच फाट्यावर पांढरा बाण डावीकडे आणि पिवळा उजवीकडे, नवख्याने कुणाचं ऐकायचं? शिवाय कातळावर बसलेला ऑइलपेंट वर्षानुवर्षं जात नाही. आपल्याकडे दगडावर दगड रचून लगोरी करायची चांगली पद्धत आहे, तीच ठेवा.

निवृत्त भटक्या
सह्यवेडी ताई, लगोरी गुरांच्या पायाने पडते, वानरं पाडतात, येणारे-जाणारेही पाडतात. आणि जुलैच्या धुक्यात दहा पावलांवरची लगोरी दिसत नाही. वाट चुकून रात्र रानात काढलेली माणसं मी शोधून आणली आहेत. त्यांना हाताच्या पंजाएवढा पांढरा ठिपका दिसला असता तर ती संध्याकाळी घरी असती. दगड थोडा रंगला तर रंगू दे, माणूस महत्त्वाचा.

सह्यवेडी
काका, चुकणाऱ्याला बाण वाचवत नाही. स्थानिक वाटाड्या वाचवतो. गावातला माणूस सोबत घ्या, त्यालाही चार पैसे मिळतील.

पदरवाट
बाणांसाठी वेगळा धागा काढा ना, प्लीज. पत्र वनखात्याचंच आहे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची सही आहे, मुदत डिसेंबरअखेर. 'वाटेवरील झुडपांची छाटणी व स्वच्छता' असं स्पष्ट लिहिलंय. वाट कोंढाण्याची आहे.

सिंहगडकर
कोंढाण्याला आतकरवाडीतून जा, ती वाट इतकी मळलेली आहे की साफ करायची गरजच नाही. स्वारगेटहून ५० नंबरची बस पायथ्याला सोडते. मुलं असतील तर उजाडताना चढायला लागा, नऊनंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. उतरताना वेळ असेल तर कल्याण दरवाजा दाखवा, बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. तानाजी मालुसऱ्यांची समाधी बघितल्याशिवाय मुलांना खाली आणू नका.

घाटमाथा
सिंहगडकर, क्लब डोंबिवलीचा आहे. ते बहुतेक कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांबद्दल बोलतायत. पदरवाट, बरोबर का?

पदरवाट
हो, लेणी. कर्जत स्टेशन, कोंदिवडे, लेणी आणि तिथून वर राजमाचीचा किल्ला. मला वाटलं सगळ्यांना कळेल.

कारवी
मग एकच प्रश्न. वनरक्षकांनी नेमकं कुठे थांबवलं? लेण्यांच्या वरच्या दाट चढणीत, की चढ संपून सपाटी लागते तिथे? आणि पत्र कर्जतच्या बाजूचंच ना?

पदरवाट
चढ संपतो तिथे. झाडीतून बाहेर पडून राजमाचीखालच्या उधेवाडी गावाकडची पायवाट लागते, त्याच्या थोडं पुढे. पत्र खालच्या बाजूचंच आहे, आम्ही जातो तिथूनच. त्याचा काय संबंध?

कारवी
सगळा संबंध त्याचाच आहे. कोंदिवडे कर्जत तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. उधेवाडी मावळ तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. तुमची वाट कोकणातून निघते आणि घाटावर संपते, मध्ये जिल्ह्याची हद्द ओलांडते. वनखात्याची हद्दही तिथेच बदलते. खालचे वनपरिक्षेत्र अधिकारी वेगळे, वरचे वेगळे, दोघांच्या वरची उपवनसंरक्षक कार्यालयंही वेगळी. खालच्या सहीने वरच्या रानात कोयता चालवता येत नाही. वनरक्षक बरोबर होते. उलट त्यांनी कोयते जप्त केले नाहीत, पंचनामा केला नाही, हे त्यांनी सांभाळून घेतलं असं मी म्हणेन.

घाटवाटांवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच हे कधी ना कधी आडवं येतं. नाणेघाट, भीमाशंकरच्या शिडीची वाट, सगळीकडे पायथा एका जिल्ह्यात आणि माथा दुसऱ्या जिल्ह्यात. भीमाशंकरला तर वर अभयारण्य आहे, तिथे नियम आणखी कडक.

पदरवाट
हे आम्हाला पत्र देताना कुणी सांगितलं नाही. मग आता वरचं पत्र शनिवारपर्यंत मिळेल का? कुणाची ओळख आहे का?

अर्जविनंती
ओळखीने घाई करू नका. पाच दिवसांत लेखी परवानगी मिळेल असं धरून चालू नका. अर्ज मात्र उद्याच द्या. क्लबच्या लेटरहेडवर, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. सोबत खालच्या पत्राची प्रत लावा, त्याने खूप फरक पडतो. अर्जात पाच गोष्टी हव्यात: वाट कुठून कुठे, किती माणसं, कुठली हत्यारं, कुठल्या तारखा, आणि काय तोडणार नाही. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि अर्ज तिथेच अडकतो. आगाऊ लिहून टाका, झाड तोडणार नाही, आग लावणार नाही, रंग वापरणार नाही.

राखीव वनात परवानगीशिवाय तोड करणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता हा बचाव तिथे चालत नाही. आणि लेण्यांजवळ दगड बसवत असाल तर तेही थांबवा. कोंढाणे लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. तिथे पायऱ्या रचणं म्हणजे बांधकाम, असं कुणी म्हटलं तर वनखात्याचं पत्र उपयोगी पडणार नाही.

सह्यवेडी
'रंग वापरणार नाही' हे वाचून बरं वाटलं.

निवृत्त भटक्या
वापरू नका, ठीक. पण मग जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनमधल्या जीपीएसवर नोंदलेली वाट, तरी तयार करून सगळ्यांना द्या. वाट नीट रेकॉर्ड करा आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर चढवा. रंग नको, लगोरी नको, कुणाची परवानगी नको.

घाटमाथा
काका, फोन धुक्यात आणि पावसात सगळ्यात आधी दगा देतो. मॅप हवाच, पण तो खुणेच्या ऐवजी नाही.

रानमेवा
मला वेगळं विचारायचंय. तुम्ही छाटता म्हणजे नक्की काय छाटता? या दिवसांत त्या चढणीवर दोन गोष्टी माजतात, रानमोडी आणि कारवीची झुडपं. रानमोडी बाहेरून आलेलं तण आहे, ते बिनधास्त उपटा, मुळासकट उपटा. नुसतं वरून कापलंत तर पुढच्या पावसात दुप्पट फुटतं. पण कारवीला हात लावू नका. तीव्र उतारावरची माती तिच्या मुळांनी धरलेली असते. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. फुलायच्या आधी कापलीत तर त्या पट्ट्यात बी पडणार नाही आणि पुढे तुमचीच वाट ढासळेल. वाटेवर वाकलेली कारवी बाजूला सारायची, खूप आड येत असेल तर खांद्याच्या उंचीवर एखादी फांदी, बस. गावकरी कुडाच्या भिंतींसाठी कारवी नेतात, त्यांना विचारा, कुठली काढायची ते ते बरोबर दाखवतील.

पदरवाट
काल दोन्ही छाटलं. ओळखता येतं दोन्हीतलं, पण वेळ कमी होता. हे मुलांना शिकवता येईल खरं तर.

नियमांचा_माणूस
तुमचा क्लब पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला आहे का? २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर ट्रेक नेणाऱ्यांनी नोंदणी केली पाहिजे. प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार, विमा, सगळं लागतं. शाळेची मुलं नेताय म्हणून विचारतोय.

निवृत्त भटक्या
ते पैसे घेऊन धंदा करणाऱ्यांसाठी. आम्ही तीस-चाळीस वर्षं गल्लीतल्या पोरांना गडावर नेतोय, त्यासाठी सरकारी कागद लागला तर क्लब बंद पडतील.

नियमांचा_माणूस
काका, अपघात पैसे घेतले का ते विचारून होत नाही. आणि क्लब किमान संस्था म्हणून तरी नोंदवा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा, दोन्हीखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. नोंदणी क्रमांक असला की वनखात्याचा अर्जही लवकर वाचला जातो.

घाटमाथा
हा वाद महत्त्वाचा आहे, पण रविवार जवळ आलाय. पदरवाट, मुलं किती, कुठल्या इयत्तेतली, मोठे किती? आणि राजमाचीवर राहणार की त्याच दिवशी परत?

पदरवाट
आठवी ते दहावी, पस्तीसच्या आसपास. क्लबचे आम्ही सहा जण आणि दोन शिक्षक. त्याच दिवशी परत, कर्जतहून संध्याकाळची लोकल. राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला तरी चढायचाच असा मुलांचा हट्ट आहे.

कारवी
सहा जणांत पस्तीस मुलं आणि वर न साफ केलेलं रान, हे जुळत नाही. पुढे एक, मागे एक, मध्ये चार, एखादं मूल थकलं की एक जण त्याच्यासोबत अडकतो आणि सगळी साखळी तुटते. ऑक्टोबरच्या उन्हात ती चढण मुलांना तीन-चार तास सहज घेईल. पुढे श्रीवर्धन, मग तेवढंच उतरायचं. संध्याकाळची लोकल मिळेल, पण धावतपळत, आणि उतरताना पाय घसरतात ते धावपळीनेच.

लोणावळाकर
मग तुंगार्लीकडून जा! लोणावळ्याहून जवळजवळ सपाट वाट, गाडीरस्ताच आहे. चुकायचा प्रश्न नाही, परवानगीचा प्रश्न नाही. उधेवाडीत पिठलं-भाकरी सांगून ठेवा.

घाटमाथा
एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर आहे ते. पस्तीस मुलांना एका दिवसात तीस किलोमीटर चालवणार का?

लोणावळाकर
अर्ध्यापर्यंत गाडी जाते, जीप ठरवा. आम्ही नेहमी तसंच करतो.

माहेरवाशीण
माझं माहेर त्या भागातलं. एक विनंती, लेण्यांत मुलांना ओरडू देऊ नका आणि अंगाला सेंट लावून आणू नका. असल्या कातळांना आग्या मोहोळं असतात. एकदा उठलं की पळायला जागा नसते. जेवायला बसाल तेव्हाही चूल पेटवू नका, धुराने मोहोळ उठतं. आणि वर न्यायचंच असेल तर उधेवाडीतल्या माणसांना आधी फोन करा, ती खालपर्यंत घ्यायला येतात.

पदरवाट
सगळ्यांचे आभार. आत्ता क्लबच्या बाकीच्यांशी बोललो. शनिवारचं काम रद्द. उद्या दोघं जण रजा टाकून वरच्या कार्यालयात अर्ज द्यायला जातील, खालच्या पत्राची प्रत जोडून, 'काय तोडणार नाही' हेही लिहून.

रविवारी मुलांना लेण्यांपर्यंतच न्यायचं ठरलं. चैत्य आणि विहार नीट दाखवायचे, खालच्या टप्प्यात, जिथलं पत्र आहे तिथे, लेण्यांपासून लांब, प्रत्येकाने थोडी रानमोडी उपटायची, आणि दुपारी परत. राजमाची परवानगी आल्यावर, मुक्कामाचा कार्यक्रम करून. मुलं नाराज होतील, त्यांना मी सांगतो.

रानमेवा, मुळासकट उपटलेली रानमोडी तिथेच टाकायची की खाली आणायची?

रानमेवा
आता फुलं यायला लागली असतील. फुलांआधीच असेल तर वाटेपासून दूर, मुळं वर करून पसरा, उन्हात वाळते. फूल धरलं असेल तर गोण्या न्या आणि खाली आणा, बी वाऱ्याने जातं. मुलांना हातमोजे द्या.

अर्जविनंती
अर्जाचा मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आज रात्रीच बघून देतो. तारखा दोन-तीन पर्यायी टाका, एकच टाकली की ती निघून जाते.